फोटोतला भैयालाल

सुखराम सिपाही सायकल शेताच्या धुऱ्यावर आडवी टाकून धानाच्या बांधीच्या कडेला उभा राहिला, तेव्हाच शेवंताबाईच्या मनात पाल चुकचुकली. जेलवाल्यांनी याआधी एकदाच घराकडे माणूस धाडला होता, वैशाखात. तेव्हाही सुखरामच आला होता, आणि तिचा नवरा भैयालाल विहिरीत मेल्याची बातमी त्यानं याच तोंडानं सांगितली होती. आता आणखी काय उरलं होतं सांगायला? तिनं हातातली पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची जुडी पाण्यात सोडली, कमरेला खोचलेला पदर डोक्यावर घेतला आणि रोवणीच्या बायांच्या रांगेतून उठून उभी राहिली. पावसाची बारीक झड लागलेली होती. पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या आणि उभं राहिलं की त्या जास्तच चरचरत.

तिचा सासरा महागू पलीकडच्या बांधीत बैलांमागं चिखल करत होता. सुखरामनं त्यालाच हाक मारली.

"राम राम, महागूकाका. साहेबानं बोलावलं हाय. पंधरा ऑगस्टले झेंडा झाला का भैयालालचा सत्कार करतो म्हणते."

"मेल्या माणसाचा सत्कार?"

"हौ ना. नवा साहेब आला हाय. त्याच्या कानावर गेलं का असा एक सिपाही आपल्या जेलात होऊन गेला. म्हणते, त्याचा फोटो आफिसात लावू, हार घालू. तुमी सारे या. अन् येताना फोटो आना." सुखराम थोडा घुटमळला. "घरच्या एका मानसाले नोकरीवर घेतो म्हणते. त्यालेबी संगं आना. तसं बायांच्या कोठडीवर एक बाई पाह्यजेच हाय, पण..."

"आमच्या घरची बाई जेलात जाईन?" महागूनं बैलांना विनाकारण काठी हाणली. "वसंता हाय ना. वसंता येईन."

वसंता म्हणजे महागूचा धाकटा. वीस-बावीसचा गडी, रंगरूप थोरल्यासारखंच, अजून लग्न व्हायचं होतं. तो पऱ्ह्याचं ओझं डोक्यावर घेऊन येत होता. नोकरीचं नाव ऐकलं आणि तो ओझ्यासकट थांबला. शेवंतानं ते पाहिलं. तिनं सुखरामकडेही पाहिलं. हा माणूस इतक्या पावसात सायकल हाणत येतो, आणि इतकं गोड बोलतो, ते उगाच का?

गावात संशयाला तोटा नव्हताच. भैयालाल मेला ती हकिगत साधी होती. जेलच्या भाजीबागेतली विहीर उन्हाळ्यात उपसायला काढली होती. गाळ काढायला एक कैदी खाली उतरला आणि गप्प झाला. पहाऱ्यावर भैयालाल होता. त्यानं टोपी काढून काठावर ठेवली, दोराला धरून खाली गेला, त्या बेशुद्ध कैद्याच्या काखेतून दोर बांधला आणि ओढा म्हणून ओरडला. कैदी वर आला. दोर परत खाली सोडला, तर तो धरायला खाली कुणी शुद्धीवर नव्हतं. विहिरीत खराब वायू होता म्हणाले.

पण इतकी सरळ गोष्ट गावाच्या घशाखाली उतरत नव्हती. चोरासाठी कुणी सिपाही जीव देतो का? इथं नक्कीच पाणी मुरतंय, असं पारावर सगळे म्हणत, आणि विहीर म्हटल्यावर पाण्याला मुरायला जागाही होती. कुणी म्हणे, कैदी चोरीचा माल कुठं पुरलाय ते भैयालालला सांगणार होता. कुणी म्हणे, तो प्यायलेला होता. शेवंता कुणाशी भांडली नाही. पण तिचा स्वतःचा एक प्रश्न होता आणि तो गावाच्या प्रश्नापेक्षा वाईट होता. खाली उतरताना त्याला आपल्या सहा वर्षांच्या शीलाची आठवण झाली की नाही? आणि बायकोची? जेलची गोष्ट त्यानं घरी कधी काढलीच नाही. सुटीवर आला की वर्दी खुंटीला टांगायची आणि नांगराला हात घालायचा. विचारलं तर म्हणायचा, जेलातलं जेलात. आठ वर्षं संसार केलेल्या माणसाचं अर्धं आयुष्य तिला ठाऊक नव्हतं, याचा तिला राग होता. मेल्यावरही तो राग गेला नव्हता.

त्या संध्याकाळी फोटोचा विषय निघाला. फोटो नव्हताच. लांजीच्या जत्रेत एकदा फोटोवाल्यानं पडदा लावला होता, तेव्हा शेवंतानं हट्ट धरला, तर भैयालाल म्हणाला होता की आमच्या इथं फोटो कैद्यांचे काढतात, हातात पाटी देऊन. आणि जिलेबी घेऊन देतो म्हणून तिला तिथून ओढत नेलं होतं.

"मंग कसं करायचं?" महागू म्हणाला.

वसंता भाकर मोडता मोडता थांबला. "सुखरामभाऊ म्हणे, साहेब नवा हाय. त्यानं दादाले पाह्यलं नाई. माहा न् दादाचा चेहरा तर एकच हाय. मी दादाची वर्दी घालतो अन् बालाघाटले जाऊन फोटो काढतो. कोनाले समजते?"

"हौ गा," महागूचा चेहरा उजळला. "एकाच साच्यातले हा तुमी."

सासू जिजाबाई चुलीपुढे बसली होती. ती भाकरी थापत राहिली. शेवंताच्या हातातलं ताट मात्र खाली आदळलं. तिला सगळं लख्ख दिसलं. आधी वर्दी. मग फोटो. मग नोकरी. भिंतीवर याचा चेहरा, पहाऱ्यावर हाच चेहरा, आणि भैयालाल नावाचा माणूस होता कुठं?

"भाऊजी," ती म्हणाली, "मिशी तं नाई तुमाले त्याइच्यासारखी."

"वाढवतो ना वयनी. अजून दिवस हायेत."

किती तयारी! जणू आधीच ठरवून बसला होता.

भैयालालची दुसरी वर्दी घरी लोखंडी पेटीत होती. पेटीची चाबी शेवंताच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. मिशी बरी दिसायला लागली त्या दिवशी महागूनं हात पुढं केला. "चाबी दे व."

"मामाजी, दुसऱ्याच्या अंगावर नका घालू ते."

"दुसरा कोण हाय? त्याचा भाऊ हाय. तूच दुसरी हायेस, घरात आलेली."

म्हातारा रागाचा नव्हता, पण थोरला गेल्यापासून त्याच्या जिभेला हाड राहिलं नव्हतं. शेवंतानं दोरा गळ्यातून काढला आणि चाबी जमिनीवर ठेवली. हातात दिली नाही. वसंतानं ती वाकून उचलली. वर्दी घालून तो अंगणात उभा राहिला तेव्हा शीला "बाबा" म्हणून धावली आणि मधेच थांबून रडायला लागली. शेवंता घराच्या मागच्या बाजूला गेली आणि कुडाला धरून उभी राहिली. तिला त्या कपड्यांचा वास आला होता.

रोवणीच्या रांगेत शांताबाई तिच्या शेजारी असे. तोंडाची फाटकी, पण कामाला वाघ. ती वाकल्या वाकल्याच बोलायची.

"बाई, तुह्या दिराचा डाव मले समजला व. आज वर्दी घातली, उद्या तुह्या हातात बांगड्या भरीन."

"काई बोलतं व शांते."

"काहून? आपल्यात दिरासंगं पाट नाई लागत का? नोकरी घरात, सून घरात, पोरगी घरात. म्हातारा काई येडा नाई." तिनं चार रोपं चिखलात खुपसली. "तुले पाह्यजे असन तर गोष्ट वेगळी."

"मले नाई पाह्यजे."

"मंग तुले काय पाह्यजे?"

शेवंतानं पुढची जुडी सोडली. पाठीवर पाऊस पडत होता आणि मागं रिकामी बांधी पसरली होती. रोवत मागं मागं सरकायचं, हेच आयुष्यभर करायचं असेल तर बांगड्या कुणाच्या याला काय अर्थ होता? पण सुखराम म्हणाला होता, बायांच्या कोठडीवर एक बाई पाहिजे. ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं. महिन्याचा आपला पगार, शीलाला घेऊन आपली खोली. तिनं ते शांताबाईला सांगितलं नाही. शांताबाईला सांगणं म्हणजे किरनापूरच्या बाजारात दवंडी पिटणं.

फोटो आला. वसंता बालाघाटहून चौकट करूनच घेऊन आला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून. अंगणात खाटेवर त्यानं तो उघडला. काळ्या पडद्यापुढं वर्दीतला माणूस ताठ बसला होता, हात मांडीवर, टोपी सरळ. फोटोवाल्यानं मिशी पेन्सिलीनं थोडी दाट केली होती.

जिजाबाई जवळ आली, वाकली, आणि एकदम "माह्या भैया!" म्हणून फोटोवर कोसळली. महागूनंही डोळे पुसले. वसंता खूश झाला. आईनंच ओळख पटवली, आता कोण काय बोलणार?

मग शेजारची विमलाबाई बघायला आली आणि सहज म्हणाली, "आता हार घातला का देवासारखा दिसन."

जिजाबाईचं रडं थांबलं. तिनं फोटोकडे पाहिलं, वसंताकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे.

"हार?" ती म्हणाली. "कोनाले हार? हा तं वसंता हाय."

"अव पण नाव भैयालालचं हाय ना," महागू म्हणाला.

"यमाले वाचता येते का नाव? तो तोंड पाह्यते! जित्या मानसाच्या फोटोले हार घालता? एक नेला, आता दुसरा तुमीच नेऊन देता?" म्हातारीनं फोटो उचलून छातीशी धरला. "मी नाई देत. मी नाई देत हा."

वसंता हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी बांधीत बैल त्याच्या पायावर चढता चढता राहिला. तिसऱ्या दिवशी धुऱ्यावर धामण दिसली तर हा गडी ओरडत घरी आला. चेहरा उतरला, डोळे आत गेले. शेवंता हे सारं बघत होती आणि तिचा विश्वास बसत नव्हता. ढोंग असेल. म्हाताऱ्याकडून दया काढायची असेल. नाहीतर आता म्हणेल, मी एवढा जिवावर उदार झालो, तर नोकरी मलाच द्या.

पण फोटो बदलायला ना वेळ होता ना दुसरा चेहरा. साहेबाला कळवून झालं होतं. महागूनं जिजाबाईच्या हातून चौकट सोडवून घेतली.

पंधरा ऑगस्टला पहाटे वसंतानं मिशी काढून टाकली. फोटोतला तो मी नव्हे, एवढं तरी यमाला कळावं. महागूनं पाहिलं आणि कपाळ बडवलं.

"बाप जित्ता असताना मिशी काढली रे! मले मारून टाकलं!"

"तुमाले नाई बाबा, मले वाचवून राह्यलो."

असं ते कुटुंब निघालं. म्हातारीच्या हातात देवाचा अंगारा, म्हाताऱ्याच्या काखेत फोटो, वसंता बिनमिशीचा, आणि शेवंता शीलाला कडेवर घेऊन सगळ्यांच्या मागं, सगळ्यांवर डोळा ठेवून.

जेल तालुक्याच्या गावाबाहेर होतं. पांढऱ्या भिंती, लोखंडी दार, दारात एक छोटं दार. आत अंगणात झेंडा लागला होता. एका बाजूला शाळेतून आणलेल्या खुर्च्या, समोर कैदी दोन-दोनच्या रांगांत जमिनीवर बसलेले. पलीकडे बायांच्या कोठडीपुढं तीन बाया उभ्या होत्या. मधोमध एका खुर्चीवर फोटो ठेवला, शेजारी झेंडूचा हार. शेवंताला कैद्यांची भीती वाटली नाही. तिला नवल वाटलं. ही गावातलीच माणसं दिसत होती.

साहेब तरुण होता, जबलपूरकडचा. मराठी जिल्हे वेगळे होऊन हा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला त्याला दहा वर्षं झाली होती, पण महागूला अजून भाषणातली हिंदी अर्धीच कळे. वीर, कर्तव्य, बलिदान असे शब्द ऐकून तो मान हलवत होता. मग साहेबानं हात पुढं केला.

"बाबूलाल! इधर आओ. जिसकी जान उन्होंने बचाई, पहला हार वही चढ़ाएगा."

रांगेतून एक कैदी उठला. काळा, हडकुळा, पन्नाशीचा. शेवंता त्याच्याकडे बघतच राहिली. हा. याच्यासाठी तो उतरला होता. तिला वाटलं होतं कुणी मोठा माणूस असेल.

बाबूलालनं हार घेतला आणि फोटोपुढं गेला. वाकला. तसाच राहिला. मग सरळ झाला, मागं वळला, आणि खुर्च्यांवरच्या माणसांकडे बघू लागला. त्याची नजर वसंताच्या मिशीच्या जागेवर थांबली.

"साहब," तो म्हणाला, "ये सिपाहीजी नहीं हैं. ये तो वो बैठे हैं. जिंदा."

रांगांतून कुजबुज गेली. नहीं हैं, नहीं हैं. सुखरामनं खाली मान घातली. साहेबानं पाहिलं नाही म्हणून कुणीच पाहिलं नाही, असं साऱ्यांनी धरलं होतं. ज्यांनी भैयालालला रोज सकाळ-संध्याकाळ पाहिलं, त्या कैद्यांची आठवण कुणालाच झाली नव्हती.

साहेबाचा चेहरा लाल झाला. "ये क्या मज़ाक है? नौकरी के लिए धोखा?"

महागू हात जोडून उभा राहिला. वसंता खुर्चीवरून अर्धवट उठला. शेवंताला कळलं की आता गप्प बसलं तर दीर बुडाला. इतके दिवस तिला हेच हवं होतं. पण तिचं लक्ष त्याच्या ओठावर गेलं. वस्तऱ्यानं कापलं होतं तिथं रक्त सुकलेलं होतं, आणि मिशी काढल्यावर तो अगदी पोरगा दिसत होता. हा माणूस डाव टाकणारा नव्हता, नुसता घाबरट होता. तिला त्याची कणव आली आणि आपल्या मनाची लाज वाटली.

"साहेब," ती पुढं होऊन म्हणाली, "धोका नाई. त्याइचा फोटोच नाई. त्याइले आवडत नव्हता. तुमी मागला म्हणून आमी केला. चुकलं आमचं."

साहेबाला कळलं की नाही कोण जाणे. सुखराम हिंदीत सांगायला लागला. तेवढ्यात बाबूलाल बोलला.

"साहब, फोटो रहने दो. हम उनकी गिनती बोल देते हैं."

"कैसी गिनती?"

"शाम को बंद करते टाइम जो करते थे. बाकी सिपाही हिंदी में करते हैं. ये मराठी में करते थे. हम सबको रट गई है."

साहेबानं उत्तर द्यायच्या आत तो हार खुर्चीवर ठेवून रांगेत जाऊन पहिल्या जागी बसला आणि छाती भरून ओरडला.

"लाभ!"

"दोन!" शेजारचा म्हणाला.

"तीन!" "चार!" "पाच!"

महागू मट्‌कन खाली बसला. खळ्यावर धान मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. लाभ म्हणायचं, म्हणजे रास पुरते, घराला बरकत येते. पोरगं चार वर्षांचं होतं तेव्हा महागूनंच त्याला पायलीशेजारी बसवून हे शिकवलं होतं. आणि या कैद्यांना वाटत होतं की मराठीत एकाला लाभच म्हणतात.

"सत्रा!" "अठरा!" "एकोनिस!"

जड जिभेचे, वाकडे तिकडे आकडे येत होते. एकोणतिसाला एक म्हातारा कैदी अडला. कुणी त्याला सांगितलं नाही. सगळे थांबले, जसं रोज कुणीतरी न रागावता थांबत असेल तसे. म्हाताऱ्यानं डोळे मिटून आठवलं आणि म्हटलं. रांग पुढं गेली.

शेवंता तोंडावर पदर घेऊन ऐकत होती. हे त्याचं जेलातलं होतं. चोर, मारामारी केलेले, दारू गाळणारे, रोज संध्याकाळी तो त्यांना घरच्या धानासारखं मोजत होता. मग मोजलेलं माप विहिरीत सोडून तो वर कसा उभा राहणार होता? शीलाची आठवण झाली की नाही, हा प्रश्न तिला आता विचारावासा वाटेना. ती मोठ्यानं रडली, वैशाखापासून पहिल्यांदा.

गिनती संपली. मग साहेबानं स्वतः हार उचलला, फोटोला घातला नाही, झेंड्याच्या खांबाशी ठेवला. जिजाबाईनं सुटकेचा श्वास टाकला तो साऱ्या अंगणाला ऐकू आला.

"नौकरी किसको देनी है?" त्यानं विचारलं.

महागूनं वसंताकडे पाहिलं.

"मले नाई पाह्यजे," वसंता म्हणाला. "वयनीले द्या."

"मामाजी," शेवंता म्हणाली, "मी करीन नोकरी." तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. म्हातारा तिच्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं मान फिरवली. त्यानं नाही म्हटलं नाही.

साहेबानं बायांच्या कोठडीकडे बोट केलं. "बाई, गिनती आती है?"

शेवंतानं शीलाला खाली उतरवलं, डोळे पुसले आणि त्या तिघींपुढं जाऊन उभी राहिली. पहिली म्हातारी होती, कपाळावर गोंदण, नजर संशयानं भरलेली. ही कोण आता नवी, काय करायला आली, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. ती नजर शेवंताला चांगली ओळखीची होती.

तिनं म्हातारीकडे बोट केलं नाही. नुसता हात तिच्या खांद्याला लावला.

"लाभ," ती म्हणाली.